कर्ण्याची भावकी

मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावातली एक बंद पडलेली टॉकीज पाडायला काढली आणि तिथल्या भंगारवाल्याकडून मी लाऊडस्पीकरची दोन युनिटं, म्हणजे कर्ण्यामागे बसून आवाज काढणारी यंत्रं, उचलली, किलोच्या भावाने. त्याच्या हिशेबात ते लोखंड, चुंबक आणि थोडं ॲल्युमिनियम. सोबत एक मोठा पत्र्याचा कर्णाही होता, खणाखणांचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा, पण तो टेम्पोशिवाय हलणार नव्हता आणि टेम्पोवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी तो तिथंच ठेवून आलो, त्याची चुटपुट अजून जात नाहीये. हाताला मात्र त्याचं डांबर लागलं ते लागलंच. हो, डांबर. एवढा पत्रा घंटेसारखा वाजू नये म्हणून खणांना बाहेरून डांबर फासायचे, आणि ते पन्नासेक वर्षांनी उन्हात ठेवलं तरी चिकटतं.

घरी येऊन पेपर अंथरला आणि युनिटांना ॲम्प्लिफायर लावून बघितला. एक छान बोललं. दुसरं घरघरत होतं, म्हणजे चुंबकाच्या फटीत, गॅपमध्ये, हलणारी तारेची कॉईल कुठंतरी घासत होती. झाकण काढलं, डायफ्राम, म्हणजे कॉईलबरोबर थरथरणारा पातळ पडदा, उचलला, मोबाईलचा टॉर्च मारून गॅपमध्ये बघितलं तर काळी लोखंडाची भुकटी. आणि मग हात आपोआप चिकटपट्टीकडे गेला, कारण हे काम मी दहा-अकरा वर्षांचा असताना अण्णांच्या दुकानात शेकडो वेळा बघितलंय.

अण्णा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न, बारसं, हरिनाम सप्ताह, ग्रामपंचायतीचा प्रचार, काहीही. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक ट्रकची बॅटरी, आणि झाडावर चढायला मी. भोंगा लिंबाच्या फांदीला बांधताना त्याचं तोंड थोडं खाली झुकवायचं हे त्यांनी मला शिकवलं, नाहीतर आवाज शेजारच्या गावाला जातो आणि लग्न आपल्या गावात असतं. भोंग्याचं युनिट बसलं की ते आट्यांवरनं फिरवून काढायचे, स्क्रू उघडायचे, पोस्टकार्डाचा एक तुकडा कापून त्यावर चिकटपट्टी उलटी गुंडाळायचे आणि ती गॅपमध्ये गोल फिरवायचे. पट्टी काळी झाली की दुसरी. पट्टी पांढरी बाहेर आली की झालं. मग डायफ्राम ठेवून स्क्रू आळीपाळीने, आमनेसामने आवळायचे, एका बाजूने आवळत गेलं की कॉईल तिरकी बसते. मी हे सगळं टेबलावर तसंच्या तसं केलं आणि मधेच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण मोबाईलवर युनिट दाखवल्याबरोबर चष्मा कपाळावरनं डोळ्यांवर आला.

"कुणाचं रं हे?"

"नाव नाही अण्णा. नावाची पट्टी कुणीतरी काढून घेतलीय. रिव्हेटची दोन भोकं आहेत फक्त."

"मग बघून सांग की."

आमच्याकडे गावात नवीन पोरगं दिसलं की म्हातारी माणसं अशीच विचारतात, कुणाचा रे तू. नावाशी त्यांना देणंघेणं नसतं, घर कळलं की पुरे. तर मी बघून सांगायला बसलो. डायफ्रामसमोरच्या लोखंडी ठोकळ्यात एकात एक वर्तुळाकार चिरी, म्हणजे ही न्यू यॉर्कच्या बेल लॅबची, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेची. कॉईल गोल तारेची नाही तर चपट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीची, कडेवर उभी गुंडाळलेली, हीसुद्धा तिकडचीच. पण अंगाची ठेवण, झाकणाचा बाक, हे लॉस एंजेलिसच्या घराचं. आणि हे बसणार तो पोळ्यासारखा कर्णा परत बेल लॅबचा. आता यात कुणाचं म्हणून सांगू? हे भावकीचं आहे, असं म्हटलं. अण्णा हसले, म्हणाले मग कोर्टात असल.

तो शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. मी गेली पंधराएक वर्षं हे कर्णे आणि युनिटं घडवणाऱ्या लोकांबद्दल मिळेल ते वाचतो, आणि मला कायम वाटायचं की ही एखाद्या घराण्यासारखी गोष्ट आहे, गुरू, शिष्य, गंडा वगैरे. पण तसं नाहीये ते. भावकीच आहे. कुलदैवत एक, जमीन मूळची एक, बांधावरनं भांडणं, नावावरनं दावे, आणि तरीही सुतक सगळ्यांना लागतं.

कुलदैवत म्हणायचं तर आर्थर गॉर्डन वेबस्टर. मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात भौतिकी शिकवायचे, धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांवर काम करायचे, आणि कर्ण्यातनं आवाज कसा वाढतो याचं समीकरण त्यांनी १९१४ मध्ये मांडलं, ते छापून यायला १९१९ उजाडलं. रॉकेटवाले रॉबर्ट गॉडर्ड त्यांचेच पीएचडीचे विद्यार्थी, म्हणजे एका टेबलावरून एकीकडे नोझल गेलं आणि एकीकडे भोंगा, दोन्ही शेवटी निमुळत्या तोंडाचीच भानगड. लाऊडस्पीकरसाठी या गणिताचा उपयोग करून दाखवला तो १९२४ मध्ये वेस्टिंगहाउस या वीज कंपनीच्या हाना आणि स्लेपियन यांनी: कर्णा ठरावीक अंतरागणिक दुप्पट होत गेला पाहिजे, म्हणजे एक्स्पोनेन्शियल.

कर्णा मुळात करतो काय, हे एकदा सांगून टाकतो. मोकळ्या हवेत छोटा डायफ्राम हलवला की हवा कडेकडेने निसटते, त्याला जोर लावायला काही सापडतच नाही, पाण्यात काडी हलवल्यासारखं. तोच डायफ्राम अरुंद नळीच्या तोंडाशी बसवला की हवेला निसटायला जागा नाही, ती ढकललीच जाते, आणि नळी हळूहळू रुंद होत गेली की तो जोर पुढच्या मोठ्या हवेकडे धक्का न बसता पोचतो. गिअरबॉक्सच तो. म्हणून तर काही वॉटमध्ये पूर्ण टॉकीज भरायची. आज घरात जी साधी लाकडी पेटी असते ती दिलेल्या विजेतली जेमतेम एखादा टक्का आवाजात बदलते, बाकीची कॉईल तापवण्यात जाते.

गणित तिकडे कॉलेजात शिजत असताना कॅलिफोर्नियात दोघं जण गणिताशिवायच पुढं गेले होते. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा, तिथल्याच वाल्डेमार पोल्सेन या संशोधकाच्या हाताखाली तयार झालेला, आणि एडविन प्रिडहॅम. नापा गावात त्यांनी चुंबकात कॉईल टांगली, त्याला ग्रामोफोनचा कर्णा लावला आणि नाव ठेवलं मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये मोठा आवाज. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर त्यांनी तो हजारोंच्या गर्दीला ऐकवला. १९१९ मध्ये सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये अध्यक्ष विल्सन काचेच्या खोलीत उभे राहून बोलले आणि समोरच्या पन्नासेक हजारांना ऐकू गेलं. पुढं जेन्सन तिथून बाहेर पडला, स्वतःच्या नावाची कंपनी काढली, आणि नंतर तीही सोडून तिसरी काढली. कंपनीवरचं नाव तसंच राहिलं, माणूस बाहेर. ही या भावकीतली पहिली वाटणी. शेवटची नव्हे.

आता खरा वाडा. बेल लॅब, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकची. तिथं एडवर्ड वेंटे आणि अल्बर्ट थुरास ही जोडी. वेंटेने त्याआधीच कंडेन्सर मायक्रोफोन केला होता, म्हणजे आवाज आत घ्यायचं टोक याचंच आणि बाहेर काढायचं टोकही याचंच, हे मला फार भारी वाटतं. १९२६ च्या सुमाराचं त्यांचं ५५५ नावाचं युनिट, ज्याच्यासाठी आज जपानपासून अमेरिकेपर्यंत लोक घर गहाण ठेवायला तयार असतात, ते बोलपटांसाठी होतं. कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा डायफ्राम, चपट्या पट्टीची कॉईल, आणि समोर तो चिरीवाला ठोकळा. ठोकळ्याचं काम असं की डायफ्रामच्या मधल्या भागातून निघालेला आवाज आणि कडेचा आवाज कर्ण्याच्या गळ्याशी एकाच वेळी पोचावा, नाहीतर वरच्या पट्टीत ते एकमेकांना खातात. कार्यक्षमता चांगल्या भागात पन्नास टक्क्यांच्या आसपास. मुंबईत मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट लागला १९३१ च्या मार्चमध्ये, तेव्हा हे युनिट पाच वर्षांचं होतं.

आणि मग २७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा फिलाडेल्फियात वाजवतोय, स्मॉलेन्स कंडक्ट करतोय, आणि नेहमीचा कंडक्टर स्टोकोव्स्की वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये आवाजाच्या बटणांवर बसलाय. मध्ये टेलिफोनच्या तारा. स्टेजवर माणूस नाही, आवाजाचे तीन वेगळे चॅनल, डावा, मधला आणि उजवा, आणि प्रत्येकाला खाली एक भला मोठा बासचा कर्णा आणि वर खणाखणांचे कर्णे. वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, कडेला बसलेल्यांना मिळत नाही, म्हणून कर्ण्याचे खण करून ते पंख्यासारखे पसरवायचे. माझं राहिलेलं पोळं ते हेच.

त्या रात्रीच्या हॉलमध्ये या भावकीची बी पेरली गेली असं मला वाटतं, कारण पुढची पन्नास वर्षं ज्याला त्याला त्या तीन चॅनलचंच काहीतरी करायचं होतं.

हॉलिवूडमध्ये एमजीएम स्टुडिओच्या साउंड डिपार्टमेंटचा प्रमुख डग्लस शिअरर, नटी नॉर्मा शिअररचा भाऊ. त्याच्याकडे जॉन हिलियार्ड नावाचा इंजिनिअर. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारा माणूस हा, कारण हा कान लावून बसणारा होता. किस्सा असा सांगतात की बेलच्या पद्धतीची ती मोठी सिस्टिम लावून एलिनॉर पॉवेलचा टॅप डान्स ऐकत होते, आणि टाचेचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता. टक-टक. बूट एक, ठोके दोन. बासचा कर्णा लांबलचक, वरचा आखूड, दोन्हींची तोंडं पडद्यामागे एका रेषेत, पण आवाज सुटतो मागच्या युनिटापासून, तर बासच्या वाटेला काही फूट जास्त. आता हिशेब करा, आठ फूट जरी फरक धरला तरी आवाजाला त्याला सात मिलिसेकंद लागतात. व्हायोलिनमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, बोलण्यात थोडं गढूळ वाटलं असतं आणि सोडून दिलं असतं. टाचेने चोर पकडला. मग बासचा कर्णा घडी घालून आखूड केला आणि दोन्ही युनिटं जवळजवळ एका अंतरावर आणली. आज साउंडवाली पोरं लॅपटॉपवर डिले टाकतात ना, एका स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात, त्याची आजी ती.

हे करायला हात लागणार होते आणि ते हात लॉस एंजेलिसमध्येच सापडले. रेडिओचे स्पीकर बनवणारी एक छोटी फॅक्टरी, लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग, १९२७ ची. मालक जेम्स लान्सिंग, भागीदार केन डेकर. हातात कसब लान्सिंगच्या, व्यवहार डेकर बघायचा. तिथं जॉन ब्लॅकबर्नने युनिटाचं डिझाइन केलं, रॉबर्ट स्टीफन्सने खणांचे कर्णे. सिस्टिमला नाव पडलं शिअरर हॉर्न. १९३६ च्या कामासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला तो शिअररला आणि एमजीएमच्या साउंड डिपार्टमेंटला. म्हणजे कागदावर साहेबाचं नाव, कान हिलियार्डचा, हात लान्सिंगचे, आणि डोकं मूळचं वेंटेचं. शिअररवर माझा राग नाही, पैसे आणि परवानगी त्यानेच काढली, आणि जिथं काम होतं तिथं परवानगी काढणारा माणूस लागतोच. पण तरी.

१९३९ मध्ये डेकर विमान अपघातात गेला आणि लान्सिंगचा हिशेब कोलमडला. त्याच सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकला मक्तेदारीच्या कायद्यामुळे थिएटरांच्या देखभालीच्या धंद्यातून अंग काढून घ्यावं लागलं होतं, आणि तिथल्या काही माणसांनी तो धंदा विकत घेऊन ऑल टेक्निकल सर्व्हिस, म्हणजे आल्टेक नावाची कंपनी केली होती. देखभालीला हजारो थिएटरं, पण सुटे भाग बनवणार कोण? १९४१ मध्ये त्यांनी लान्सिंगची फॅक्टरीच घेतली, माणसासकट. आल्टेक लान्सिंग. पाच वर्षांचा करार. युद्धाच्या काळात हिलियार्डही तिथंच आला, आणि एमजीएमच्या वेळचे गिऱ्हाईक आणि कारागीर आता एका छपराखाली. १९४५ मध्ये त्या दोघांच्या नावाने एक पेपर आहे, थिएटरच्या सुधारलेल्या स्पीकरबद्दल, आणि त्यातनं जे निघालं ते व्हॉइस ऑफ द थिएटर. टॉकीजच्या पडद्यामागचं जुनं धूड म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यापुढं पहिलं तेच येतं.

पाच वर्षं भरली आणि १९४६ मध्ये लान्सिंग बाहेर पडला. नवीन कंपनी काढली, नाव ठेवलं लान्सिंग साउंड. लगेच आल्टेकने हरकत घेतली की हे नाव आम्ही विकत घेतलंय. आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. या माणसाचं जन्माचं आडनाव मार्टिनी. लान्सिंग हे नाव त्याने पहिली कंपनी काढायच्या वेळी स्वतः घेतलेलं. म्हणजे स्वतः निवडलेलं नाव, कंपनीबरोबर विकलं गेलेलं, आणि आता स्वतःच्याच नावाच्या बांधावर भांडण. तोडगा निघाला तो असा की पूर्ण नाव लाव, जेम्स बी. लान्सिंग साउंड. त्याची अक्षरं उरली ती आज बाजारात गल्लोगल्ली कमरेला लटकवलेल्या ब्लूटूथ डब्यांवर नारंगी रंगात असतात. जेबीएल.

तो कारागीर उत्तम होता आणि धंद्यात कच्चा, कर्ज वाढत गेलं. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. सत्तेचाळीस वर्षांचा होता. विम्याचे दहा हजार डॉलर आले आणि त्यावर कंपनी तगली, विल्यम थॉमस नावाच्या माणसाने ती सांभाळली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरा लॅपटॉप बंद केला आणि शेल्फावरच्या स्पीकरवरची ती तीन अक्षरं बघत बसलो होतो बराच वेळ. आवाजाच्या कंपनीच्या नावामागे इतकं गप्प काहीतरी असेल असं वाटत नाही ना.

आणि लगेच पुढची पायरी भावकीची. थॉमसच्या काळात बार्ट लोकांथी नावाच्या, कॅलटेक विद्यापीठात शिकलेल्या माणसाने जेबीएलसाठी १९५४ मध्ये ३७५ नावाचं युनिट केलं, चार इंची डायफ्रामचं, आणि ते कशावर बेतलेलं? वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५९४ वर. म्हणजे वेंटेच्या वाड्यातलं भांडं आल्टेकशी भांडून वेगळ्या झालेल्या घराच्या चुलीवर परत चढलं. तिकडे स्टीफन्सनेही केव्हाच वेगळी चूल मांडली होती, स्टीफन्स ट्रूसॉनिक. नकाशावर बघितलं तर ही सगळी एका शहराच्या आसपासची मंडळी, एकमेकांच्या पेटंटवर डोळा ठेवून.

समुद्रापलीकडचा चुलतभाऊ वेगळा. लंडनचा पॉल व्होइट, आईवडील जर्मन, एडिसन बेल या ग्रामोफोनच्या कंपनीत नोकरी (बेल लॅबशी संबंध नाही). याला एक्स्पोनेन्शियल कर्णा पटला नाही. त्याचं म्हणणं, कर्ण्यातनं आवाजाची लाट सपाट ताटासारखी जात नाही, ती घुमटासारखी फुगीर जाते, आणि घुमट सगळीकडे एकाच त्रिज्येचा धरला तर भिंतीचा बाक वेगळा निघतो. त्या बाकाचं नाव ट्रॅक्ट्रिक्स. हे समजायला सोपं आहे. तुम्ही बांधावरनं सरळ चालताय, हातात दावं, दाव्याच्या टोकाला आडमुठं वासरू, जे सुरुवातीला शेतात तुमच्या काटकोनात उभं आहे. तुम्ही चालाल तसं ते ओढलं जातं, आधी आडवं, मग हळूहळू तुमच्या मागे. त्याच्या खुरांची जी रेघ मातीत उमटेल ती ट्रॅक्ट्रिक्स. ती बांधाभोवती गोल फिरवा की व्होइटचा कर्णा. १९२६-२७ चं पेटंट. एडिसन बेल बुडाल्यावर १९३३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९३४ मध्ये घराच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा आणला. युद्धानंतर त्याचं काम लोथर नावाच्या कंपनीत डोनाल्ड चेवने पुढं नेलं, आणि व्होइट १९५० मध्ये सगळं सोडून कॅनडात गेला. त्याच्या हयातीच्या अगदी शेवटी ब्रूस एडगर नावाचा एक अमेरिकन हौशी माणूस त्याला गाठून मुलाखत घेऊन आला, आणि मग एडगरने स्वतः ट्रॅक्ट्रिक्सचे लाकडी कर्णे बनवून त्यावर लिहिलं, ते वाचून जगभरच्या गॅरेजांमध्ये भुसा उडायला लागला. माझ्या वाचनाची सुरुवातही एडगरच्या लेखांपासूनच आहे. व्होइट १९८१ मध्ये गेला. दोन-चार वर्षं उशीर झाला असता तर?

कोपरा म्हटलं की पॉल क्लिप्श आलाच. हा आर्कान्सामधल्या होप गावचा, म्हणजे जन्माने इंडियानाचा पण युद्धात तिथल्या तोफखान्याच्या चाचणी केंद्रावर अधिकारी म्हणून गेला आणि तिथंच राहिला. त्याआधी चिलीमध्ये रेल्वेची विजेची इंजिनं दुरुस्त केली, टेक्ससमध्ये तेल शोधलं. त्याचा प्रश्न सोपा होता. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, कर्ण्याच्या तोंडाचा घेर निदान तेवढा पाहिजे, म्हणजे तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं, हे दिवाणखान्यात ठेवणार कुठं? पण खोलीचा कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन, तीन आरसे. आवाजाला पसरायला आठवा हिस्साच जागा उरते, तर तोंडही आठव्या हिश्श्याचं चालतं, सात-आठ चौरस फूट. आणि शेवटचा भाग भिंतींचाच करून टाकला. खोलीच कर्णा. क्लिप्शहॉर्न. १९४६ मध्ये कंपनी काढली आणि तो स्पीकर तेव्हापासून आजपर्यंत बनतोय.

क्लिप्श हा बोलघेवडा आणि हट्टी. कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एक पिवळा बिल्ला लावायचा आणि समोरच्याने काही फेकाफेक केली की कॉलर उलटून दाखवायचा, बिल्ल्यावर छापलेलं भाषांतर मी इथं करत नाही. दुसऱ्यांच्या दाव्यांवर हा बिल्ला जितक्या वेळा उलटला तितक्या वेळा त्याने आरशासमोर उलटला का याची मला शंका आहे. पण एका बाबतीत तो कायम वाकून असायचा, वेंटे, थुरास आणि ते १९३३ चे तीन चॅनल. सगळं जग दोन स्पीकरवर आलं तरी हा म्हणायचा मधला पाहिजे, आणि १९५८ मध्ये दोन ट्रॅकवरून तीन चॅनल कसे काढायचे यावर पेपर लिहिला. मधल्या जागेसाठी छोटा स्पीकर केला, कोपऱ्यात न बसणारा, तर कुणीतरी म्हणालं हा तुझ्याच धर्माशी द्रोह आहे, म्हणून नाव ठेवलं हेरेसी. आणि गंमत म्हणजे पुढं त्याच्याच कंपनीने वरच्या पट्टीच्या कर्ण्यांसाठी व्होइटचा ट्रॅक्ट्रिक्स उचलला, इतका की आता नवीन पोरांना ती वस्तू क्लिप्शचीच वाटते. वासरू लंडनचं, दावणीला होपमध्ये.

या सगळ्या घरांत जेवून आलेला माणूस म्हणजे डॉन कील. १९७२ पासून इलेक्ट्रोव्हॉइस या स्पीकर कंपनीमध्ये, जिथं क्लिप्शच्या परवान्याने कोपऱ्यातले कर्णे कधीकाळी बनले होते, मग साधारण वर्षभर खुद्द क्लिप्शकडे, मग जेबीएलमध्ये. १९७५ मध्ये त्याने पेपर लिहिला, एक्स्पोनेन्शियल कर्ण्यात एवढं पवित्र काय आहे? शीर्षकच असं. म्हणजे हाना-स्लेपियनच्या घरच्या देव्हाऱ्यालाच हात. त्याचं म्हणणं, नुसता जोर पोचवून भागत नाही, आवाज कुठल्या कोनात पसरतो तेही कर्ण्याच्या आकाराने ठरवता येतं, मग खणांचं पोळं लागणारच नाही. आणि लागलंही नाही. पोळी भंगारात गेली ती अशी. २००२ मध्ये अकादमीने त्याच कामाच्या वाटेवरच्या थिएटरच्या स्पीकरसाठी तांत्रिक पुरस्कार दिला, जॉन आर्गल, कील आणि मार्क एंगेब्रेटसन या तिघांना, तिघांचीही नावं घेऊन. शिअररच्या वेळी हे झालं असतं तर कागदावर किती नावं मावली असती ते मी मोजत बसलो होतो, सातवर थांबलो.

हे सगळं मी अण्णांना कॉलवर सांगत नव्हतो अर्थातच, पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं "घरघर गेली का?" आणि मी युनिट लावून दाखवलं. गेली होती, एक खालचा सूर सोडला तर. त्यावर त्यांनी स्क्रू सैल करून कॉईल हातानेच एक केसभर सरकवायला लावली, "डावीकडं, तुझ्या न्हाय, माझ्या", आणि दोन-तीन वेळा वाजवून बघायला लावलं. मग तो सूरही साफ झाला.

"बाजूनं आवळू नको."

"आमनेसामने, माहितीये अण्णा."

"आन ती भोकं बुजव. पट्टीची. त्यातनंच गेलाय सगळा कचरा आत."

खरंच तिथूनच गेला होता. नाव काढून नेणाऱ्याने रिव्हेट उपटले होते आणि मागे दोन भोकं उघडी, पडद्यामागची इतक्या वर्षांची धूळ त्यातून सरळ चुंबकाकडे. दुकानात जाऊन एम-सील आणलं, काळा आणि पांढरा गोळा सारखा मळला, चिमूटभर दोन्हीकडे दाबला आणि बोट ओलं करून सारवला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर वरून पॉलिश पेपर मारला. आता हाताला भोकं लागत नाहीत. शनिवारी टेम्पोवाल्याला परत फोन करणार आहे, पोळं अजून तिथं असलं तर.